वरून काही टाकायचं नाही

ते पायलट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या इमारतीच्या गेटवर अजून जो फ्लेक्स लटकतो आहे त्याच्यावर 'बॉम्बर पायलट' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, आणि मी सांगूनसुद्धा तो कोणी उतरवलेला नाही. आमच्या शेजारच्या ह्या काकांच्या आधारकार्डावरचा फोटो कापून घेतला, चेहरा गोरा केला, डोक्यावर कुणाची तरी टोपी चिकटवली. मागे टोकदार नाकाचं विमान छापलं. असल्या विमानात ते आयुष्यात कधी बसले नव्हते. खाली हात जोडलेला चेअरमनचा फोटो आहे, तो मात्र अगदी बरोबर आला आहे.

विमानदळात ते होते, हे खरं. एकाहत्तरच्या लढाईत होते, हेही खरं. पण त्यांचं विमान मुळात बॉम्ब टाकायचं नव्हतंच. ते ओझी वाहायचं विमान, चार इंजिनांचं, पोटात ट्रक मावेल एवढं. लढाई लागल्यावर त्यालाच त्या कामाला जुंपलं. लाकडी चौकटींवर बॉम्ब बांधायचे, चौकटी फिरत्या नळ्यांवर ठेवायच्या, वर गेल्यावर विमानाचं मागचं दार उघडायचं, आणि हिरवा दिवा लागला की चौकटी एकेक करून ढकलायच्या. ढकलणाऱ्यांपैकी हे एक. स्वतःबद्दल ते हाच शब्द वापरत. "मी टाकूक नाय, ढकललंय." एकच ना ते, असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी बोलणं बंद.

आमची चाळ लालबागला होती. आमची खोली आणि त्यांची खोली यांच्यात दोन दारं. मी शाळेत असताना ते नोकरी पुरी करून परत आले आणि शिवडीच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर मुकादम म्हणून लागले. म्हणजे लढाईत जे केलं तेच पुढे निवृत्त होईपर्यंत केलं, फक्त जमिनीवर. ट्रकवर बांधलेली दोरी ते तीनदा हिसके देऊन बघत आणि मगच ट्रक सोडत. हे वेड घरातही होतं. त्यांच्या खोलीत न बांधलेली वस्तू नव्हती. डब्यांच्या फळीला पुढून पट्टा, पाण्याच्या पिंपाला पट्टा, देव्हाऱ्याला पट्टा, सिलिंडर तर कैद्यासारखा भिंतीला जखडलेला. काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "ह्येंका कोणीतरी सांगा गो, ह्या घर उडूचा नाय."

पण चाळीत ते ओळखले जायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. वरून खाली काही टाकायचं नाही, असा त्यांचा कायदा होता.

चाळीत वरून खाली काय काय जात असतं ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. विसरलेली किल्ली, विसरलेला डबा, भाजीवाल्यासाठी रुमालात बांधलेले सुट्टे पैसे, तांदूळ धुतलेलं पाणी, मुलाची चप्पल. ह्यातली एकही गोष्ट त्यांच्या देखत वरून पडली की ते गॅलरीतून धावत यायचे. एकदा माझ्या आईने खाली उभ्या असलेल्या बाबांकडे किल्ली टाकली. हे हजर.

"वैनी, खाली कोण आसा ता बघलात?"

"माझा नवरा आहे. दुसरं कोण असणार?"

"नवरो काय लोखंडाचो आसा?"

आई हसली. ते हसले नाहीत. संध्याकाळी ते सुतळीचा गुंडा आणि एक छोटी परडी घेऊन आले आणि आमच्या कठड्याला बांधून गेले. अशा परड्या त्यांनी वरच्या दोन्ही मजल्यांवर घरोघर बांधल्या. गाठ तीनदा ओढून बघायची, मग म्हणायचं, "आता सोड. टाकू नको, सोड." बायका वैतागायच्या, पण गाठ एवढी पक्की असायची की सोडवण्यापेक्षा वापरणं सोपं पडायचं. कठड्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली दिसली तर ते न विचारता उचलून आत ठेवायचे. त्यावरून भांडणं व्हायची. शिव्या खाऊनही दुसऱ्या दिवशी तेच.

दहीहंडीला तर धमाल. गोविंदा आले की सगळ्या गॅलऱ्यांतून बादल्याच्या बादल्या पाणी खाली ओततात, ते हवंच असतं सगळ्यांना. हे भरलेली बादली घेऊन जिना उतरायचे आणि थरातल्या पोरांच्या पायांवर तांब्याने पाणी घालायचे. एकेकाच्या. बाकी आभाळातून पाणी कोसळतंय, आणि मध्ये हे, भिजून चिंब, देवाला घालावं तसं पाणी घालतायत.

"पायलट काका, लँडिंग झालं का?" पोरं विचारायची.

"पायलट तुझो बापूस," हे म्हणायचे, आणि पुढच्याच्या पायावर तांब्या ओतायचे.

पायलट हे नाव असं पडलं. विमानदळातला माणूस म्हणजे पायलट, एवढीच आमची अक्कल. त्यांनी दर वेळी दुरुस्त केलं आणि दर वेळी कोणी ऐकलं नाही.

मी दादरला कान तपासते. तीस वर्षं तेच काम. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आतून गादी लावलेली एक खोली असते, लिफ्टएवढी. माणसाला त्यात बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघते आणि नोंद करते. ह्यांचे कान इंजिनांनी घालवले होते हे मला तपासण्याआधीच माहीत होतं. टीव्ही एवढ्या मोठ्याने लावायचे की खालच्या मजल्यावर मालिका फुकट ऐकू यायच्या. काकू होत्या तोवर त्या त्यांचे कान होत्या. त्या गेल्यावर मीच एक दिवस त्यांना जवळजवळ ओढत दादरला नेलं.

बारीक आवाज त्यांना येत नव्हते, ते अपेक्षितच होतं. पण जाडे आवाज येत असूनही बटण मागाहून दाबलं जात होतं. मी माईकवरून म्हटलं, "काका, आवाज आला की लगेच दाबायचं. तुम्ही उशिरा दाबताय."

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. बटण खाली ठेवलं. मी दार उघडलं.

"काय म्हणालंस?"

"उशिरा दाबताय म्हटलं."

"तुका कोणी सांगल्यान?"

मला काही कळलं नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मी त्यांच्या घरात चोरी करताना सापडले आहे. मग माझ्या ध्यानात आलं की ह्यांना दुसरंच काही वाटलंय, आणि ते दुसरं काय ते त्यांनी त्या लिफ्टएवढ्या खोलीत बसून मला सांगितलं. बाहेर तीन पेशंट थांबले होते. थांबू दिले.

एका फेरीत एक चौकट अडकली. बाकीच्या गेल्या, खाली एकापाठोपाठ आगी लागलेल्या त्यांना दिसल्या. ही नळ्यांवर तिरकी झाली आणि अर्धी दाराबाहेर लोंबकळत राहिली. कमरेचा पट्टा विमानाच्या तळाला बांधलेला, हात थंडीने बधिर, वाऱ्याचा आवाज असा की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. पहारीने उचकटेपर्यंत दिवा लाल झाला होता. लाल झाला की ढकलायचं नाही, हा नियम. पण अर्धं बाहेर गेलेलं ओझं परत आत घेता येत नाही, आणि ते तसंच ठेवून विमान उतरवता येत नाही. ह्यांनी ढकललं.

"मगे थयसूनच बघलंय. आधीच्यो आगी लांब मागे ऱ्हवलेल्यो. आणि ही एकटीच. पुढे. काळोखात."

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, सगळं गेलं? हे म्हणाले, गेलं. ते खोटं नव्हतं. त्यापुढे कोणी काही विचारलं नाही आणि ह्यांनी काही सांगितलं नाही.

"शेत असात," ते म्हणाले. "गवत असात. इतकी वर्सां मी शेतच म्हणतंय. पण खाली काय होता ता माका ठावक नाय."

शेतच असेल, असं मीही म्हणाले असते तर त्यात भर काय पडणार होती. मी त्यांना पाणी दिलं आणि राहिलेली तपासणी पुरी केली. पुढच्या आठवड्यात मशीन बसवली, दोन्ही कानांना. मशीनचा त्यांनी लगेच चांगला उपयोग करून घेतला. कोणी पायलट म्हणालं की समोरच्याच्या देखत कानातून काढून खिशात टाकायचे.

मग चाळ पाडली. भाड्याच्या खोल्यांत बरीच वर्षं काढून आम्ही त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आलो. ज्यांनी जन्मभर दुसऱ्या मजल्यावरून परडी सोडली त्यांना आता पंधराव्या मजल्यावर सरकत्या काचांच्या खिडक्या मिळाल्या, आणि परड्या भंगारात गेल्या. वरून मात्र पडायला लागलं. जास्त पडायला लागलं. चाळीत निदान टाकणाऱ्याचं तोंड दिसायचं. इथे काच सरकते, हात बाहेर येतो, काच बंद होते. उरलेला भात, लहान मुलांचे भरलेले डायपर, निर्माल्याच्या पिशव्या. एकदा वॉचमनच्या स्टुलाशेजारी नारळाची करवंटी येऊन पडली. वॉचमनने काय केलं तर स्टूल हलवून छपराखाली घेतलं. सोसायटीने काय केलं तर लिफ्टमध्ये एक सूचना लावली, ती पोरांनी फाडली, आणि विषय संपला. शिकलेली माणसं आहेत सगळी. बँकांत जातात, परदेशी कंपन्यांत जातात, आणि पंधराव्या मजल्यावरून डायपर टाकतात.

हे तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे. ते भर उन्हाळ्यात, ढग नसताना, उघडी छत्री घेऊन इमारतीभोवती फिरायचे. गळ्यात शिट्टी. वर बघत चालायचे. काही पडलं की शिट्टी, आणि मग खालून ओरडून, "खाली कोण आसा ता बघलंस?" काच बंद व्हायची.

चेअरमन त्यांना समजवायला यायचा. हा आमच्या चाळीतलाच मुलगा. लहानपणी ह्यांच्याच हातचं पाणी पायावर घेतलेला, तळाच्या थरातला. आता गाडी आहे, कुठल्यातरी निवडणुकीचं तिकीट मिळवायची खटपट चालू आहे.

"काका, पाहुणे येतात लोकांकडे. तुम्ही शिट्टी मारता. इमेज खराब होते बिल्डिंगची."

"बिल्डिंगची इमेज वरसून पडता ती मी उचलतंय," हे म्हणाले.

हाच चेअरमन एका जानेवारीत पेढ्यांचा बॉक्स घेऊन त्यांच्या घरी आला. मी त्यांच्या मशीनच्या बॅटऱ्या बदलायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

"काका, सव्वीस जानेवारीला तुमचा सत्कार. बॉम्बर पायलट आपल्या सोसायटीत राहतो, लोकांना कळायला नको?"

"पायलट पुढे बसता. मी मागे होतंय."

"डिटेलमध्ये कोण जातं काका."

"मी जातंय." मग त्यांनी त्याच्या मोबाईलवर फ्लेक्सचा नमुना बघितला. खाली लिहिलं होतं, शत्रूच्या छावण्या उद्ध्वस्त करणारे. त्यांनी बोट ठेवलं. "छावणी कोणी बघल्यान?"

"अहो, लिहायची पद्धत असते."

मला वाटलं, आता मशीन काढून खिशात टाकतील. पण ती ओळ परत एकदा वाचून ते म्हणाले, "येतंय. पण मी बोलणार."

"बोला ना. दोन शब्द बोलायचेच असतात."

"दोन नाय. आसत तितके."

चेअरमन गेल्यावर मी विचारलं, "ते सांगणार आहात?"

"हाव. इतकी वर्सां पायलट म्हणतत. आता छावण्यापण लावल्यानी माझ्या नावार. मी मेलंय काय ह्येच ऱ्हवतला." त्यांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. "एकदा सगळ्यांच्या समोर सांगूक व्हया. मगे काय म्हणाचा ता म्हणूदेत."

त्यांना दुसरं काही नको होतं. शाल नको, नारळ नको. सगळे खाली जमलेले असताना ती एक गोष्ट, जशी झाली तशी, त्यांना सांगायची होती.

सव्वीस जानेवारीला सकाळी कंपाउंडमध्ये स्टेज, गालिचा, ढोलताशा पथक. माणसं बरीच, कारण खाली नाश्ता होता आणि कुणीतरी मोबाईलवरून सगळं लाइव्ह दाखवत होतं. ताशा सुरू झाला तसं त्यांनी दोन्ही मशीन काढून माझ्या हातात दिली. कानात मशीन असताना ताशा म्हणजे खिळे मारल्यासारखं होतं. शाल घातली, नारळ दिला, चेअरमन स्वतःबद्दल बोलला. मग ह्यांना माईककडे बोलावलं. मी मशीन पुढे केली. त्यांनी हात हलवला.

"ऱ्हवांदे. माका बोलूचा आसा, ऐकूचा नाय."

छत्री काखेत होतीच. ती तशीच घेऊन ते माईकपुढे उभे राहिले.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी पायलट नव्हतो."

लोक हसले. चेअरमनही हसला, हा विनोद आहे असं दाखवायला. ते सांगत गेले. शक्य तेवढं पुस्तकी बोलत होते, मधेच घसरून आपल्या बोलीत येत होते. विमान कसलं होतं, चौकटी कशा बांधायच्या, दिवा कसा लागायचा. लोक ऐकत होते, खरंच ऐकत होते. पुढच्या रांगेतली मुलं तर तोंड उघडं टाकून.

"तेव्हा दिवा लाल झाला होता," ते म्हणाले, आणि मी बघितलं की चेअरमनने कोपऱ्यातल्या साउंडवाल्याला गळ्यावरून बोट फिरवून खूण केली.

माईक बंद झाला. लगेच देशभक्तीचं गाणं सुरू झालं.

आणि ते बोलत राहिले. त्यांना कसं कळणार? स्वतःचा आवाज स्पीकरमधून येतो की नाही, हे मशीन नसताना त्यांना कधीच कळलं नसतं. ते माईक दोन्ही हातांनी धरून, एकेका चेहऱ्याकडे बघत सगळं नीट सांगत होते.

मी साउंडवाल्याकडे गेले. "चालू कर."

"ताई, साहेबांनी सांगितलंय."

मी चेअरमनकडे गेले. "माईक चालू करा."

"ताई, लहान मुलं आहेत. लाइव्ह चालू आहे. उद्या कोणी ह्याचा काय अर्थ काढेल. काकांचंच नाव खराब होईल ना."

"काकांचं नाव तुम्ही फ्लेक्सवरच खराब केलंय."

"ताई, प्लीज. आजच्या दिवशी नको."

माझ्या हातात त्या वेळी दोन मशीन नसती तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. तेवढ्यात डोक्यावर घरघर सुरू झाली. चेअरमनने ड्रोन मागवला होता, सत्कारमूर्तीवर पुष्पवृष्टी करायला. ड्रोन स्टेजवर येऊन थांबला आणि त्याच्या पोटाखालची पेटी उघडली. ह्यांनी वर बघितलं. एका हाताने छत्री उघडली, डोक्यावर धरली, आणि दुसऱ्या हातात माईक तसाच ठेवून ते बोलत राहिले. पाकळ्या छत्रीवर पडून घरंगळत होत्या. लोकांना वाटलं काय मजा आहे. सगळ्यांचे मोबाईल वर गेले, शिट्ट्या पडल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. मी स्टेजला चिकटून उभी होते म्हणून मला शेवटचं वाक्य ऐकू आलं. "खाली काय होतं ते मला माहीत नाही."

टाळ्या त्यांना दिसत होत्या. त्यांनी मान झुकवली, छत्री मिटली, पायऱ्या उतरून माझ्याकडे आले. घामाघूम झाले होते. इतका हलका चेहरा मी त्यांचा आधी बघितला नव्हता.

"सांगलंय गो एकदाचा," ते म्हणाले. "ऐकल्यानी मा सगळ्यांनी?"

माणसं अशा वेळी हो म्हणतात. मलाही ते सुचलं. पण ज्या माणसाला सगळ्यांनी जन्मभर सोयीचं खोटं चिकटवलं त्याला मी आणखी एक कशाला चिकटवू? मी आधी त्यांच्या कानात मशीन घातली, नीट बसली की नाही ते बघितलं. असली गोष्ट ओरडून सांगायची नसते.

"नाही, काका. मधेच माईक बंद केला त्यांनी. शेवट मी ऐकला. पुढच्या रांगेत दोघा-चौघांनी ऐकला असेल."

त्यांनी चेअरमनकडे बघितलं. तो फोटो काढून घेत होता. मला वाटलं, जाऊन त्याच्या थोबाडीत मारतील, आणि मारावी असं मला फार वाटत होतं. त्यांनी छत्री उलटी करून झटकली. आत अडकलेल्या पाकळ्या त्यांच्याच चपलांवर पडल्या.

"मगे परत सगळा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिफ्टने सगळ्यात वरच्या मजल्यावर गेले आणि पहिल्या दाराची बेल वाजवली. माल वरून खाली उतरवायचा, ही त्यांची गोदामातली शिस्त. दार उघडलं की म्हणायचे, "बसू काय? एक सांगूचा आसा." लोकांना आधी वाटलं वर्गणी आहे. कुणी टीव्ही चालूच ठेवला, तर ते टीव्ही बंद होईपर्यंत गप्प बसून राहायचे. चहा घ्यायचे नाहीत. सगळं सांगायचे, हिरव्या दिव्यापासून त्या एकट्या आगीपर्यंत, आणि उठायचे. बँकेत असलेले एक गृहस्थ म्हणाले, "काका, ड्यूटी होती ती तुमची." हे म्हणाले, "ड्यूटी होती ता माका ठावक आसा. खाली काय होता ता विचारतंय." एका नव्या लग्नाच्या मुलीने सगळं ऐकून विचारलं, "मग आता आम्ही काय करायचं?"

"खिडकीतसून कचरो टाकू नकात," ते म्हणाले.

तिने हे मला लिफ्टमध्ये सांगितलं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चेअरमनने लिहिलं की ज्येष्ठांनी विनाकारण कोणाच्या दाराची बेल वाजवून त्रास देऊ नये. मी खाली लिहिलं की कारण काय ते दार उघडल्यावर कळेल. हे मात्र रोज एक-दोन घरं करत खाली उतरत राहिले. गुडघे दुखायला लागले तेव्हा मी त्यांना एक घडीची खुर्ची दिली, दाराबाहेर वाट बघत बसायला. ती त्यांनी खांद्याला पट्ट्याने बांधली.

वरच्या मजल्यांवरून काही पडेनासं झालं. माणसं सुधारली वगैरे मी म्हणत नाही. वॉचमनने स्टूल छपराखालून काढून परत जुन्या जागी ठेवलं, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

निम्मी इमारत झाली होती. एका सकाळी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. माझ्याकडे त्यांची किल्ली होती. दार उघडलं तर ते पलंगावर, मशीन बाजूला डबीत, डबी टेबलाला पट्ट्याने बांधलेली. झोपेतच गेले होते.

त्यांची मुलगी पुण्याहून येईपर्यंत दुपार झाली. खाली कंपाउंडमध्ये पोरांनी तिरडी बांधली. मी दोरी तीनदा ओढून बघितली. तिसऱ्या हिसक्याला सुटली. "परत बांधा," म्हटलं. एक जण कुरकुरला, "मावशी, स्मशान इथेच तर आहे." मी सुटलेलं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने परत बांधली.

वरच्या मजल्यांवरची माणसं आली होती. कामाचा दिवस असूनही बरीच होती. ती नव्या लग्नाची मुलगी, ते बँकेतले गृहस्थ. हातात ओंजळभर फुलं घेऊन एकेक जण वाकून घालत होता. शववाहिनी गेटशी लागली, आम्ही उचलणार, एवढ्यात माझ्या खांद्यावर एक पाकळी पडली. मग चार. मग भराभर.

मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर चेअरमनची खिडकी सताड उघडी होती. तो, त्याची बायको, त्याची म्हातारी आई, शेजारची दोन-तीन माणसं. परातीतून मुठी भरभरून टाकत होते आणि एक जण मोबाईल धरून होता. त्या मजल्यापर्यंत हे पोचलेच नव्हते.

मी काही ठरवलं नव्हतं. आवाज माझा बरा मोठा आहे, बहिऱ्या माणसांत तीस वर्षं गेली आहेत.

"वरून काही टाकायचं नाही."

मुठी हवेत थांबल्या. चेअरमन वाकून म्हणाला, "ताई, फुलंच आहेत."

"खाली कोण आहे ते बघितलंत?"

मोबाईलवाल्याने मोबाईल खाली घेतला. मी म्हटलं, "घालायची असतील तर खाली येऊन घाला. हातांनी. आम्ही थांबतो."

खिडकीत थोडी हालचाल झाली. आधी म्हातारी मागे वळलेली दिसली. तिने परात मुलाच्या हातातून काढून घेतली होती. मग बाकीचे दिसेनासे झाले. चेअरमन सगळ्यात शेवटी. लिफ्ट वर गेल्याचा आवाज आला.

शववाहिनीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पुढे अजून एक ठिकाण करायचं आहे, म्हणाला.

"थांब," मी त्याला म्हटलं. "वरून माणसं येतायत."